गच्चीतलं बुजगावणं

“आबा, बुजगावणं हसत नाही हं!” नातीनं बजावलं, आबांना जुना ओव्हरकोट चढवला आणि डोक्यावर मडकं पालथं घातलं.

गच्चीत लुगड्यावर कुरडया चैत्राचं ऊन खात होत्या. काल मुलगा, सून, लेक, जावई सगळे त्यात राबले होते. वर्षाचा डबा भरल्याशिवाय कुणी निघायचं नाही, हा आजीचा नियम. संध्याकाळी दोन्ही गाड्या सुटणार होत्या.

जेवून सगळे खाली लवंडले. आबा हात पसरून इतके चोख उभे राहिले, की एक कावळा मनगटावरच येऊन बसला.

चार वाजता पाहतात, तर अर्धं लुगडं रिकामं!

“अहो आबा, कावळे हाकलायचे ना!” लेक ओरडली.

“बुजगावणं बोलतं होय गं?” मडक्यातून आवाज आला.

आता पुन्हा गहू भिजवणं आलं, म्हणजे तीन दिवस. कपाळाला हात लावून मुलगा गाडीतल्या बॅगा उतरवायला गेला.

आजी आबांचा कोट झटकू लागली, तर दोन्ही खिसे कुरडयांनी टम्म फुगलेले. तिनं गुपचूप खिशांची बटणं लावली आणि जिन्यातून हाक दिली, “अरे, यंदाचा गहू निबर आहे. चार दिवस तरी लागतील!”