नव्याची पंगत

भातावरची वाफ विरत चालली होती आणि एकाही हाताने घास उचलला नव्हता.

गिरणीच्या अंगणात पळसाच्या पत्रावळींच्या दोन लांब रांगा. एकीत पुरुष, दुसरीत बाया. पत्रावळीवर नव्या धानाचा भात, वरण, वांग्याची भाजी. गिरणीचा पट्टा बंद होता. लाखांदूरच्या रस्त्यावरून जाणारी एस.टी. दूरवर विरेपर्यंत ऐकू आली. धानाचं कुसळ सदऱ्यात शिरावं, तशी ती शांतता गिरणीमालक कृष्णरावांना टोचू लागली.

शेजारी कामठीचे बाबूलाल शेठ बसले होते. त्यांच्या गिरणीत दिवाळीपासून संप होता. कृष्णरावांची माणसं कधी भांडत कशी नाहीत, ते पाहायला ते आले होते. पटलं, तर नव्या गिरणीत भागीदार होणार होते.

माणूस मजुरीने नाही, नात्याने बांधला जातो, असं कृष्णराव सांगत. नातं मजुरीपेक्षा स्वस्त पडतं, हे सांगत नसत. रोज सकाळी भोंगा झाला की सगळ्यांनी हात जोडून म्हणायचं : आम्ही एका घरची माणसं. म्हाताऱ्या बायजाबाईला ते 'माय' म्हणत, हमालांना 'भाऊ'. हमाल सुखराम धान उकळायच्या हौदात पडून मेला, त्या दिवशीही फाटकापाशी त्यांनी हात जोडले होते. "आपल्या घरातला माणूस गेला," ते म्हणाले होते. मग डोळे टिपून त्यांनी पट्टा सुरू करायला सांगितलं. संध्याकाळी हौद पुन्हा उकळत होता.

"कृष्णराव," शेठ हसले, "तुमच्या घरच्या लोकांले भूक नाही लागत का?"

कृष्णराव उठले. पुरुषांनी कपाळापर्यंत दुपट्टे गुंडाळले होते. पाहुण्यासमोर, जेवणाच्या पानावरसुद्धा. माणसात बसवलं तरी ही जनावरं ती जनावरंच, त्यांच्या मनात आलं. मुकादम तुलारामच्या कानाशी ते वाकले.

"कोणं शिकवलं हे? आज पाहुणा पाहून अडवून राहिले काय मले? बोल, काय पाहिजे?"

"काही नाही पाहिजे, मालक."

या माणसांची कृष्णरावांना किळस आली. मागणं तरी धड करावं! पण चेहऱ्यावर हसू आणून ते बायांच्या रांगेकडे वळले. शेठांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "माय, तू सगळ्यांत मोठी. पहिला घास तू घे."

"कसा घेऊ, मालक? घरात सुतक हाये. सुतकात नवं खात नाहीत."

कृष्णरावांना हायसं वाटलं. एका म्हातारीचा सोवळेपणा, एवढंच तर होतं. "मग तू नको जेवू, माय. तुझ्या घरच्या सुतकापायी बाकीच्यांनी कायले उपाशी राहावं?"

"माह्या घरी नाही. आपल्या घरी."

तुलारामने दुपट्टा सोडला. मग त्याच्या शेजारच्याने. मग रांगेच्या टोकापर्यंत दुपट्टे उतरत गेले. दुपारच्या उन्हात एकामागून एक डोकी उघडी पडली : ताजी भादरलेली, गुळगुळीत, कुठे वस्तऱ्याचा ओरखडा असलेली.

"आज सुखरामचा दहावा," बायजाबाई म्हणाली. "त्याले ना लेक, ना भाऊ. पहाटेच समदे तलावावर जाऊन आले. न्हावी अजून तलावाच्या काठाले, पारीवर बसून हाये." तिने मान वर करून कृष्णरावांच्या डोक्याकडे पाहिलं. "घरचे तुमीच तेवढे राह्यले. जाता ना?"

शेठही आता तिकडेच पाहत होते.

कृष्णरावांचा हात नकळत वर गेला. चमेलीचं तेल लावून सकाळीच बसवलेला भांग बोटांना लागला. केसांवरचा हात तसाच घट्ट दाबून ते वळले आणि दोन रांगांच्या मधून मोटारीकडे चालू लागले.