लाडवांचा डबा

मुख्याध्यापिका आत येताच दिगंबर ताडकन उभा राहिला. बाईंचा राग निवावा म्हणून आणलेला बेसनाच्या लाडवांचा डबा त्यानं छातीशी धरला होता. टोरांटोत जन्मलेली त्याची लेक मात्र बसूनच राहिली.

"माफी मागून मोकळी हो," तो मराठीत पुटपुटला. "आपण बाहेरची माणसं."

"मी इथलीच आहे, बाबा." ती बाईंकडे वळली. "निबंध मीच लिहिलाय. कॉपी केल्याचा पुरावा दाखवा."

दिगंबरला वाटलं, आता शाळेतून नाव काढणार!

बाईंनी टेबलावरचा निबंध पुन्हा चाळला. मग हात पुढे करून म्हणाल्या, "पुरावा नाही. माझं चुकलं. माफ कर."

दिगंबर बघतच राहिला. एवढ्या मोठ्या बाई पोरीची माफी मागत होत्या! लेकीशेजारी टेकून त्यानं डबा उघडला आणि पहिला लाडू तिच्याच हातावर ठेवला.