आपल्या माणसाचा आवाज

आपल्या माणसाचा आवाज कानी पडला की यंत्राच्या पडद्यावर मेंदूतल्या आनंदाची रेघ उसळते, हा सरांचा शोध विद्यापीठात गाजत होता. म्हणून आज त्यांनी मोठ्या हौसेने बायकोलाच यंत्राला जोडलं, कानांवर हेडफोन चढवला आणि स्वतःच्या आवाजातली रोजची वाक्यं ऐकवायला घेतली.

"बरी आहेस ना?" रेघ आडवी.

"तुझी आठवण आली." रेघ ढिम्म.

"वायर सुटली असेल, सर," सहायक मुलगी नजर चुकवत म्हणाली.

सरांनी वायर ओढून पाहिली. घट्ट होती.

शेवटच्या वाक्याला मात्र रेघ एकदम वरच्या कडेला जाऊन भिडली.

"आली, सर! काकूंचा जीव आहे हो तुमच्यावर! काय ऐकवलंत?"

"हेच आपलं," सर म्हणाले, "आज उशीर होईल, तू जेवून घे."