खांबापलीकडचं झाड

"आजी, टोपली इथेच ठेवा. फळं सीमेपलीकडे नेता येणार नाहीत," सीमेवरचा शिपाई म्हणाला.

बोर्निओच्या त्या जंगलात दोन देशांची सीमा म्हणजे गुडघ्याएवढा सिमेंटचा खांब. म्हातारीचं गाव त्याच्या पलीकडे. तिने टोपली उतरवली. आत फणसासारखी काटेरी, उग्र वासाची डुरियनं होती.

"ही फळं ज्या झाडाची, ते माझ्या पणजीने लावलं. आमच्यात घर बांधलं की दारात झाड लावतात. तेव्हा घर इथंच होतं. रेघ नंतर गोऱ्या साहेबांनी मारली, तीही जंगल न बघता."

"नियम आहे," शिपाई पुटपुटला. "माणसं जाऊ शकतात, फळं नाही."

"असं होय?" तिने मागच्यांना हाक मारली. लेकी, सुना, नातवंडं खांबाभोवती ऐसपैस बसली. पहिलं फळ तिने खांबावरच आपटून फोडलं. बघता बघता टोपली रिकामी झाली.

"घे, आता आमची पोटं तपास," ती हात पुसत म्हणाली.

मग एक बी तिने खांबाच्या बुडाशी टाचेने खोल दाबली. "हे झाड फळाला आलं की पुन्हा ये. तेव्हा तुझा खांब कुठे असेल, ते बघू."