मिटलेली मूठ

हेमांगीताईंनी टेबलावर गोगलगाय ठेवली. बालवाडीतल्या मुलांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. समोर दिसेल त्याची सगळी माहिती प्रत्येकाच्या कानातला बोलका मणी लगेच सांगून टाकी, त्यामुळे विचारायला काही उरतच नसे. मणी काढला की थेट पालकांना कळे. मुलांचे मणी काढल्यापायी एका ताईंची नोकरी गेली होती. कित्येक महिन्यांत हेमांगीताईंना कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. या वर्गात त्यांचा जीव गुदमरत असे.

आज मात्र त्यांनी मुलांकडे पाठ केली, कुंडीतून काहीतरी उचललं आणि मूठ मिटली. सगळे मणी गप्प झाले. मुलं गोंधळली.

"ताई, मुठीत काय आहे?" छोट्या ऋजुलाने विचारलं.

ताई तिच्यासमोर खाली बसल्या. "तुला काय वाटतं?"

ऋजुलाने मुठीला कान लावला. "खरखर करतंय! त्याला पाय आहेत? ते चावतं?"

मुलं भोवती गोळा झाली. तेवढ्यात ताईंच्या कानातला मणी बोलला, "मूठ उघडा. मुलांना उत्तर द्यायचं आहे."

त्यांनी ऐकलं नाही. मग मण्यातून मुख्याध्यापकांचा आवाज आला, "हेमांगीताई, शेवटचं सांगतोय."

ताईंनी मूठ छातीशी धरली. मुलं विचारतच होती.