उस्तादांचे चार गोळे

"एवढं मीठ? हे खाणार कोण?" उस्तादांनी वाटी हातातच धरून ठेवली.

"खायचं नाहीये बाबा, खेळायचंय," सून म्हणाली. "मैद्याच्या निम्मं मीठ, थोडं तेल आणि खायचा रंग. त्या बाईंनी असंच सांगितलंय."

उस्तादांनी मीठ ओतलं, पण चेहरा असा केला की जणू तो मैदा कुणी त्यांच्याच पानात वाढणार होतं. त्यांची सगळी हयात बेकरीत गेली होती. हाताखालची पोरं त्यांना उस्ताद म्हणायची आणि त्यांनी एकदाही कुणाला 'नको रे' म्हटलं नव्हतं. पुढे घरच्यांनीही तेच नाव उचललं. तेही त्यांनी गोड मानून घेतलं.

काम नातीसाठी होतं. पाच वर्षांची पोर, पण कशाला म्हणून हात लावायची नाही. रंग नको, वाळू नको, माती नको. काही पुढे केलं की तिचे दोन्ही हात पाठीमागे. शाळेतही ती तशीच उभी राहिली. तिथल्या बाईंनी प्रवेश लांबणीवर टाकला, सोमवारी पुन्हा बघू म्हणाल्या. मुलांवर उपचार करणाऱ्या दुसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, की घरातल्याच डाळ-तांदळाचे, पिठाचे रंगीत खेळ करा, तिच्या हातांना सवय होऊ द्या. सून दिवसभर नोकरीवर, मुलगा फिरतीवर. उस्ताद रिकामेच होते. "पीठ आणि मी," ते म्हणाले, "आता बघाच!"

तांदूळ त्यांनी आधीच करून पाहिले होते. व्हिनेगर आणि रंग घालून डबा खळाखळा हलवला, दाणे कागदावर वाळवले. एकही दाणा पांढरा राहू दिला नाही. परातीत रंगांचे पट्टे ओढले आणि पट्टी लावून त्यांच्या कडा सरळ केल्या. नातीने वाकून पाहिलं. "छान आहे," म्हणाली. हात पाठीमागे.

आता हे गोळे. लाल, पिवळा, हिरवा, निळा. उस्तादांनी ते तराजूवर तोलून एकसारखे केले आणि तळहातावर फिरवून इतके गुळगुळीत केले की बोटाचा ठसा शोधून सापडला नसता.

"बाबा, हे दुकानाच्या काचेत मांडायचे नाहीयेत," सून म्हणाली.

"मग काय, गचाळ करू?"

नात आली. चारही गोळ्यांभोवती फिरली. "खूप छान आहेत," म्हणाली. हात पाठीमागेच.

उस्तादांना रात्रभर त्या मिठाचाच राग येत राहिला. त्यांच्या मते दोष त्याचाच होता. मिठाने पीठ खरबरीत झालं, म्हणून पोरीला नको वाटलं. स्वतःच्या हातात काही खोट असेल, ही शंका त्यांना शिवली नाही. ती सहसा शिवत नसेच.

रविवारी सून बाजारात गेल्यावर त्यांनी सगळं नव्याने मांडलं. मीठ चिमूटभरच टाकलं. पाणी कोमट घेतलं. मग हात आपसूक फळीवर गेला. तिथून कुठला डबा उतरला, त्यातलं काय पडलं, वर साखर किती पडली, हे उस्तादांना विचारायची हाताला गरज वाटली नाही. मळलं, रंगवलं, चार गोळे ताटात मांडले, वर ओलं फडकं टाकलं आणि ताट शेगडीजवळच्या उबेला ठेवलं. कामगिरीवर खूश होऊन ते खुर्चीत टेकले आणि तिथेच घोरायला लागले.

"आजोबा, उठा. ते मोठं झालंय."

नात ताटासमोर उभी होती. फडकं टोपीसारखं वर उचललं गेलं होतं. उस्तादांनी ते ओढलं. लाल गोळा फुगून पिवळ्यावर बसला होता. हिरव्याचं पोट ताटाच्या काठावरून लोंबत होतं. निळा खाली उतरून ओट्यावर पसरत निघाला होता. मधे जिथे सगळे एकमेकांत शिरले होते, तिथला रंग सांगण्यासारखा नव्हता.

उस्तादांनी वर पाहिलं. यीस्टचा डबा फळीवर उघडाच होता.

खेळण्याच्या पिठात यीस्ट! असं एखाद्या पोराने केलं असतं, तर उस्तादांनी ते चार दिवस साऱ्या बेकरीला ऐकवलं असतं. आता ऐकवायला पोर नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःलाच धरलं. "वा रे उस्ताद! गाढव आहेस, गाढव. फुगवायची एवढी सवय, की खेळणंसुद्धा फुगवून ठेवलंस! सगळं बिघडवलंस!"

नात त्यांच्याकडे डोळे विस्फारून बघत होती. "बिघडलं?"

"बिघडलं."

"तुमच्याकडून?"

"माझ्याकडूनच. दुसरं कोण आहे इथे?"

"सगळं?"

"सगळं. पार वाट लागली." हे बोलताना त्यांनी पिठाळ हातांनी तोंड पुसलं. असं वाक्य आयुष्यात त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या कामाबद्दल वापरलं होतं.

नात थोडी पुढे सरकली. तिने ओट्यावरून ओघळणाऱ्या निळ्याकडे पाहिलं, मग आजोबांच्या पिठाने माखलेल्या तोंडाकडे. दोन्ही हात हळूच पाठीमागून पुढे आले.

"मग आता माझ्याकडून काही बिघडणार नाही ना?"