टेकाडावरचा फोन

भटकंतीला आलेले निवृत्त मास्तर जंगलातलं टेकाड चढून गेले, तेव्हा कुठे फोनला रेंज मिळाली.

"ताई, बायको घसरून पडलीय. पाय मोडलाय बहुतेक. तिला खाली पायवाटेवर बसवून मी फोनसाठी वर आलोय."

"निघालोच आम्ही, काका," बचाव पथकातली बाई म्हणाली. "आजूबाजूला काय दिसतंय?"

"झाडं."

"ती तर असणारच. आणखी?"

मास्तर गर्रकन मागे वळले. डोंगरभर एकसारखी झाडं, आणि आपण चढून आलो ती वाट कुठेच नाही. जन्मभर पोरांना भूगोल शिकवलेल्या माणसाला उतरायचं कुठल्या बाजूला, तेच कळेना.

"आणखी... झाडंच."

"घाबरू नका. काकू जागच्या हलल्या नाहीत, तर आम्ही त्यांना शोधून काढू. तसं बजावलंत ना त्यांना?"

"बजावलं."

"मग झालं तर. ऐकतील त्या."

मास्तरांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"पस्तीस वर्षांत तिनं माझं एकदाही ऐकलेलं नाही हो. काल 'जंगलात नको' म्हटलं, तर मलाच भित्रा म्हणाली. आज मात्र नुसतं 'बरं' म्हणाली. लवकर या, ताई."